कोणतं तेल चांगलं ते नंतर. आधी सांगा, कशाच्या जागी?

प्रश्न थोडक्यात असा: वय 46. तीन महिन्यांपूर्वी एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) 158 आलं म्हणून तेल, लोणी, सुकामेवा, अंड्याचा बलक सगळं बंद केलं. आता सकाळी जॅम लावलेला ब्रेड, अकराला फळांचा रस, चार वाजता 'लो-फॅट' बिस्किटं आणि रात्री 'फॅट-फ्री' गोड दही असं चाललंय. एलडीएल 149 वर आलं, पण ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 160 वरून 210 झाले आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) 44 वरून 38 वर उतरलं. सतत भूक लागते, त्वचा कोरडी पडलीय. मित्र म्हणतो रोज दोन मोठे चमचे खोबरेल प्या, भाऊ म्हणतो फक्त ऑलिव्ह, मुलगी म्हणते माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्या. कोणत्या स्निग्ध पदार्थात नेमकं काय पोषण असतं, आणि मी काय खाऊ?

तुमच्या अहवालातच निम्मं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तेलाला हात न लावता रक्तातली चरबी वाढली कशी, हे कोडं तुम्हाला पडलंय. खाल्लेलं तेल तसंच रक्तात तरंगत राहतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उपाशीपोटी मोजलेले ट्रायग्लिसराइड्स बहुतांशी यकृताने तयार करून रक्तात सोडलेले असतात. साखर, रस, मैदा भरपूर मिळाला की यकृताचा हा कारखाना जोरात चालतो. तुम्ही चरबी काढलीत आणि तिची जागा साखरेने घेतली. रस, जॅम, गोड दही, बिस्किटं, चारही त्याच गटातले.

ही चूक तुमची एकट्याची नाही. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे एक छापील कागद असायचा. तेल बंद, लोणी बंद, अंडं बंद. काय सोडायचं ते सगळं होतं, त्या जागी काय खायचं याची एक ओळही नव्हती. लोक बिचारे प्रामाणिकपणे पाळायचे आणि तुमच्यासारखाच अहवाल घेऊन परत यायचे. मी म्हणायचे, पथ्य नीट पाळलं नसेल. चूक कागदाची, बोलणी रुग्णांना. तेव्हापासून कोणी 'हे तेल चांगलं का' असं विचारलं की मी आधी उलट विचारते: कशाच्या जागी?

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही, मोजलेली गोष्ट आहे. नियंत्रित आहारप्रयोगांचे एकत्रित आढावे नेदरलँड्सचे संशोधक रोनाल्ड मेन्सिंक यांनी अनेक वर्षं केले आहेत. त्यातून निघालेला हिशेब असा: रोजच्या कॅलरींपैकी 1 टक्का संपृक्त मेदातून काढून बहुअसंपृक्त मेदातून घेतल्या, तर एलडीएल (डेसिलिटरमागे) साधारण 2 मिलिग्रॅमने उतरतं. एकअसंपृक्तातून घेतल्या तर दीडेक मिलिग्रॅमने. पिष्टमय पदार्थांतून घेतल्या तरी सव्वाएक मिलिग्रॅमने उतरतंच, पण सोबत एचडीएलही उतरतं आणि ट्रायग्लिसराइड्स चढतात. आता तुमचे तीन आकडे पुन्हा वाचा. तिसरा पर्याय तुम्ही स्वतःवर करून पाहिलाय.

आता हे संपृक्त-असंपृक्त काय ते पटकन सांगते. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त. अशा साखळ्या सरळ असतात, एकमेकींना खेटून बसतात, म्हणून लोणी थंडीत घट्ट होतं. एक दुहेरी बंध असेल तर एकअसंपृक्त, दोन किंवा जास्त असतील तर बहुअसंपृक्त; दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, रचना सैल राहते आणि पदार्थ पातळ. कोणताही नैसर्गिक स्निग्ध पदार्थ फक्त एका जातीचा नसतो. ऑलिव्ह तेलात सुमारे 14 टक्के संपृक्त मेद असतो. डुकराची चरबी ऐकल्यावर लोक कानावर हात ठेवतात, पण तिच्यातही संपृक्तापेक्षा एकअसंपृक्त मेद थोडा जास्तच असतो. म्हणजे ती औषध झाली असं नाही. पाटी लावून मोकळं होता येत नाही, एवढंच.

पोषणाचं म्हणाल तर कॅलरींच्या बाबतीत सगळे सारखेच. 1 ग्रॅमला 9 कॅलरी, मग ते ऑलिव्ह असो की लोण्यातली चरबी. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या दुपटीहून जास्त. एका मोठ्या चमचाभर तेलात 120 च्या आसपास. 'हलकं तेल' असं बाटलीवर लिहिलेलं असतं ते रंगाबद्दल किंवा चवीबद्दल, कॅलरीबद्दल नाही.

पण कॅलरी हे सगळ्यात कमी महत्त्वाचं काम. 1929 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने उंदरांना चरबी पूर्ण वगळलेला आहार दिला. कॅलरी पुरेशा, जीवनसत्त्वंही दिलेली. तरी उंदरांची वाढ खुंटली, कातडीवर खवले आले, शेपट्या खराब झाल्या. त्यातून कळलं की काही मेदाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खावीच लागतात. आज अशी दोन पक्की मानली जातात: ओमेगा-6 घराण्यातलं लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-3 घराण्यातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल. पुढे शिरेतून चरबीविरहित पोषण दिलेल्या रुग्णांमध्येही तसेच चट्टे दिसले. लागतात ती थोडीच, एकूण कॅलरींच्या तीनेक टक्के. पण शून्यावर भागत नाही.

(तुमच्या कोरड्या त्वचेचं खापर मात्र मी लगेच यावर फोडणार नाही. प्रौढ माणसाच्या अंगावरच्या चरबीत लिनोलेइक आम्लाचा साठा असतो, तो तीन महिन्यांत संपत नाही. थायरॉइड तपासून घ्या.)

शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थाबरोबरच शोषली जातात. चरबी अजिबात नसलेलं ड्रेसिंग घालून खाल्लेल्या सॅलडमधलं कॅरोटीन (ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं) शरीरात जवळजवळ पोहोचतच नाही, हे प्रयोगांत मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे तीन महिने तुम्ही गाजरं खाल्ली असलीत, तरी त्यातलं कॅरोटीन पुरतं अंगी लागलं नसणार. आणि भूक? चरबी लहान आतड्यात पोहोचली की जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो. ती ताटातून गेली की चार वाजता बिस्किटांचा पुडा उघडतोच.

आता तुमच्या मित्राचं खोबरेल. यावर जरा रेंगाळते, कारण आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. खोबरेल तेलात 80 टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त आहे. लोण्यातल्या चरबीपेक्षाही जास्त. त्याच्या बाजूने सांगितलं जातं की त्यात मध्यम लांबीची मेदाम्लं आहेत, ती थेट यकृतात जाऊन जळतात. हे वर्णन लागू पडतं ते 8 आणि 10 कार्बनांच्या मेदाम्लांना, आणि ती खोबरेलात जेमतेम 15 टक्के असतात. निम्मा वाटा आहे 12 कार्बनांच्या लॉरिक आम्लाचा. कागदोपत्री तेही 'मध्यम' गटात बसतं, पण शरीरात बहुतांशी लांब साखळीसारखं वागतं, लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने रक्तात येतं. प्रयोगशाळेतल्या एमसीटी तेलावर (फक्त मध्यम साखळ्यांचं तेल) झालेल्या अभ्यासांचं श्रेय खोबरेलाच्या बाटलीला चिकटवणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाचे गुण आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिणं.

मोजमाप काय सांगतं? 2020 मध्ये 16 प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढलं आणि एचडीएल 4 ने. मित्र फक्त दुसरा आकडा सांगत असणार. आणखी एक हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांखाली ठेवायला सांगते. 2000 कॅलरींच्या आहारात हे झाले 22 ग्रॅम. दोन मोठे चमचे खोबरेलात साधारण तेवढेच आहेत. म्हणजे दिवसाचा सगळा कोटा औषधासारखा घटाघटा पिऊन संपला, जेवण अजून बाकीच. चवीसाठी एखाद्या पदार्थात वापरलंत तर माझी काही हरकत नाही. वरून पिण्याचं कारण मात्र दिसत नाही.

संपृक्त मेद एलडीएल वाढवतो तो कसा? यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून रक्ताबाहेर काढणारी ग्राहकं (रिसेप्टर) असतात. संपृक्त मेद जास्त झाला की त्यांचं काम मंदावतं, एलडीएल रक्तात फिरत राहतं. बहुअसंपृक्त मेद याच्या उलट करतो. पण सगळी संपृक्त मेदाम्लं सारखी नाहीत. 12, 14 आणि 16 कार्बनांची एलडीएल चढवतात. चॉकलेटातलं 18 कार्बनांचं स्टिअरिक आम्ल जवळपास तटस्थ राहतं. ते कोणत्या पदार्थात बसलंय यानेही फरक पडतो: तेवढीच दुधाची चरबी लोण्यातून खाल्ली तर एलडीएल जितकं वाढतं, तितकं ती चीजमधून खाल्ली तर वाढत नाही.

'संपृक्त मेदाचा आणि हृदयविकाराचा संबंधच नाही, सगळं खोटं निघालं' असंही तुम्ही वाचलं असेल. त्या अभ्यासांकडे नीट पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी संपृक्त मेद सोडलेल्या लोकांनी त्या जागी मैदा आणि साखर घेतलेली असते. फायदा दिसणार कुठून? वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात, निदान दोन वर्षं चाललेल्या प्रयोगांत, संपृक्त मेद कमी केल्याने हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे 17 टक्क्यांनी घटल्या, आणि जागा बहुअसंपृक्त मेदाने घेतली तिथे फायदा अधिक स्पष्ट होता. याला अपवादही आहे आणि तो लपवायला नको. 1968 ते 1973 या काळात मिनेसोटात झालेल्या मोठ्या प्रयोगात मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. त्यातले बहुतेक लोक त्या आहारावर वर्षभरही नव्हते, त्यामुळे मी त्यावरून सगळं उलटं करत नाही. पण माझा विश्वास 'तेल बदला, अमर व्हा' यावरही नाही.

भावाचं ऑलिव्ह. त्यात जवळपास तीन चतुर्थांश एकअसंपृक्त मेद, मुख्यतः ओलेइक आम्ल. स्पेनमधल्या प्रेडिमेड प्रयोगात सुमारे साडेसात हजार लोकांपैकी एका गटाला भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणि दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम सुकामेवा दिला. दोन्ही गटांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांचा धोका तिसऱ्या, कमी चरबीचा सल्ला दिलेल्या गटापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. 2013 चा हा शोधनिबंध गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घेऊन 2018 मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला; निष्कर्ष साधारण तोच राहिला. भावाला इथे दोन गोष्टी सांगा. एक, सुकामेव्याच्या गटालाही तेवढाच फायदा झाला, म्हणजे जादू एका बाटलीत नाही. दोन, एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये पॉलिफेनॉल्स ही वनस्पतींतली उपयुक्त द्रव्यं असतात, रिफाइंड करताना ती बरीचशी निघून जातात. मग उरतं ते चांगलं, पण साधं तेल. तसं एकअसंपृक्त तेल हवं असेल तर कॅनोला आहे, शेंगदाण्याचं आहे. सूर्यफुलाच्या 'हाय-ओलेइक' वाणाच्या तेलात तर 80 टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असतं, आणि नेहमीच्या सूर्यफूल तेलात त्याऐवजी 60 टक्क्यांच्या वर लिनोलेइक. फूल तेच, तेल वेगळं. म्हणून बाटलीवरचं चित्र न पाहता मागचा तक्ता वाचायची सवय लावा.

त्याच तक्त्याशेजारी 'कोलेस्टेरॉल-फ्री' असं ठळक छापलेलं दिसेल. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नावालाही नसतं. पाण्यावर 'साखर नाही' लिहिण्यासारखंच ते.

ओमेगा-6 दाह वाढवतं, म्हणून बियांची तेलं विष, हा सध्याचा नवा बागुलबुवा. लिनोलेइक आम्लापासून शरीरात अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनतं आणि त्यातून दाहाचे काही निरोपे तयार होतात, हे खरं. पण लिनोलेइक जास्त खाल्लं म्हणून ते उतारावरून गडगडत जावं तसं पुढे जात नाही. शरीर त्यावर लगाम ठेवतं. माणसांवरच्या प्रयोगांत दाहाची मोजमापं वाढलेली दिसली नाहीत. ओमेगा-6 आणि 3 चं गुणोत्तर काढत बसू नका. 6 कमी करण्यापेक्षा 3 वाढवा.

ओमेगा-3 मध्ये वनस्पतींचं वेगळं, माशांचं वेगळं. जवस, अक्रोड, सोयाबीन आणि कॅनोला तेलात असतं ते अल्फा-लिनोलेनिक. मोठा चमचाभर कुटलेल्या जवसात दीडेक ग्रॅम, म्हणजे दिवसाची गरज भागली. जवस अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, कुटायचेच. माशांत असतात ती लांब साखळीची ईपीए आणि डीएचए. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात डीएचएच लागतं. शरीर अल्फा-लिनोलेनिकपासून ही बनवतं, पण फार कंजूषपणे: ईपीए काही टक्के, डीएचए तर त्याहूनही नगण्य. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली, सामन यांसारखा तेलकट मासा घ्या. खात नसाल तर शैवालापासून काढलेलं डीएचए मिळतं. माशांनाही ते मुळात तिथूनच मिळतं.

मुलीच्या कॅप्सूलबद्दल. साध्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा 300 च्या आसपासच असतं, बाकी नुसतं तेल. 25,000 हून जास्त लोकांवरच्या व्हायटल प्रयोगात (2018) रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 ने मुख्य हृदयघटनांत ठोस घट दिसली नाही. ट्रायग्लिसराइड्स उतरवायला डॉक्टर 4 ग्रॅमपर्यंतचे डोस देतात, पण ते फार चढलेल्यांना, आणि त्या डोसाने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो. तुमचे 210 रस आणि बिस्किटं थांबवूनच बरेच उतरायला हवेत. मद्य घेत असाल तर तेही थांबवा; तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारून ठेवते.

ट्रान्स फॅटवर एकच परिच्छेद, कारण इथे वाद नाही. तेलात अर्धवट हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायची युक्ती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये पेटंट केली. पदार्थ स्वस्त, टिकाऊ, खुसखुशीत, पण त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. 1990 मध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल उतरवतं, दुहेरी मार. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर मर्यादा घातली, नंतर बऱ्याच देशांनी. घटकांच्या यादीत 'अंशतः हायड्रोजनेटेड' दिसलं की पुडा परत ठेवा, समोर 'झीरो ट्रान्स' लिहिलेलं असलं तरी. काही देशांत एका वाढपात अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर शून्य छापता येतं, आणि एका वाढपावर थांबतो कोण?

अंड्याचा बलक तुम्ही विनाकारण सोडलात. एका अंड्यात कोलेस्टेरॉल 185 मिलिग्रॅमच्या आसपास, पण संपृक्त मेद फक्त दीडेक ग्रॅम, आणि बहुतेकांच्या रक्तातल्या एलडीएलवर खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचाच परिणाम जास्त होतो. अमेरिकेच्या आहारमार्गदर्शिकेनेही 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा 2015 मध्ये काढली. रोज एक खा, बलकासकट. मधुमेह असेल तर मला पुन्हा विचारा.

तापवण्याबद्दल लोक फक्त धूर कधी येतो ते पाहतात. त्याहून महत्त्वाचं, तेलात दुहेरी बंध किती आणि ते किती वेळा तापवलं. बहुअसंपृक्त तेलांचा ऑक्सिजनशी लवकर संयोग होतो, अल्डिहाइड्स ही घातक रसायनं तयार होतात. म्हणून तळायला ओलेइक जास्त असलेलं तेल बरं. जवसाचं तेल कधीच तापवू नये. तळलेलं तेल काळसर, चिकट झालं, फेस धरू लागलं की फेकायचं. जीव तुटतो, पण फेकायचंच. बाटली छोटी घ्या, अंधारात ठेवा. खवट वास आलेला सुकामेवाही खाऊ नका.

आता तुमच्यासाठी. रस, जॅम, 'लो-फॅट' बिस्किटं आणि 'फॅट-फ्री' गोड दही बंद. त्या जागी रोज मूठभर अक्रोड-बदाम, चमचाभर कुटलेले जवस, एक अंडं, साधं दही, आणि स्वयंपाकात दिवसाला तीनेक छोटे चमचे असंपृक्त तेल, जे परवडतं आणि आवडतं ते. लोणी रोज नको, कधीतरी असू दे. भाज्या, डाळी, अख्खी धान्यं आहेत तशी चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात 'एवढं तेल?' म्हणून हात अडखळेल, अडखळू द्या.

आहाराने एलडीएल साधारण 10 ते 15 टक्के उतरतं, त्यापलीकडे ओढून नेऊ नका. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब असेल किंवा धूम्रपान असेल तर 149 साठी औषध लागेल का, हे डॉक्टरांशी बोला. त्याला आहाराचा पराभव समजू नका. बदलाचा परिणाम रक्तात दिसायला सहा-आठ आठवडे पुरतात. तेव्हा उपाशीपोटी पुन्हा तपासा आणि यावेळी अहवालासोबत काय खाल्लंत याची आठवड्याची यादीही आणा. मी आधी यादी वाचते, मग आकडे.